आगोटीआधीची टिपणे

क्लस्टरमधल्या एका नोडकडून, म्हणजे एका सर्व्हरकडून, उत्तर येत नाही. म्हणजे तो मेला, की मधली तार तुटली? दुसऱ्या टोकाला दोन्ही अगदी सारखंच दिसतं. क्लस्टरची सगळी अवघड बाजू या प्रश्नात आहे, आणि आमच्याकडे सिंधुदुर्गात पावसात आधी तारच जाते.

*

तीन नोड कशाला, दोन पुरेत, असं खरेदीच्या बैठकीत कुणीतरी म्हणतंच. दोघांमधली तार तुटली आणि बहुमताची अट नसेल, तर दोघेही स्वतःला जिवंत आणि दुसऱ्याला मेलेला धरतात. दोघेही तीच व्हीएम, म्हणजे तोच आभासी सर्व्हर, सुरू करतात, एकाच डिस्कवर दोघे लिहू लागतात. आमच्या क्लस्टरवर रुग्णालयाची नोंदणी, लॅबचे रिपोर्ट आणि औषधांचा साठा आहे. तिथे असा गोंधळ झाला तर कुणाच्या तरी रक्तगटापर्यंत पोचेल. तिघांत बहुमत दोघांचं, एकट्या पडलेल्याने थांबायचं. तिसरा मोठा सर्व्हर परवडत नसेल तर केवळ मतापुरता एखादा लहान संगणकही चालतो. फक्त तो वेगळ्या स्विचवर आणि वेगळ्या यूपीएसवर हवा, नाहीतर त्याचं मत कुणाच्या तरी मताबरोबरच बुडतं.

*

थांबायचं म्हणजे कसं, हे यंत्रात आधीच ठरवून ठेवलेलं असतं. क्लस्टर चालवणाऱ्या प्रॉक्समॉक्समध्ये कोरम (बहुमत) गेला की एचएच्या, म्हणजे बिघाडातही चालू ठेवायच्या, व्हीएम चालवणारा नोड वॉचडॉग या टायमरला हाक देणं सोडतो आणि साधारण मिनिटभरात स्वतःच रीसेट होतो. त्यानंतरच बाकीचे त्याचं काम उचलतात. सगळं मिळून दोनेक मिनिटं जातात. ही दोन मिनिटं कमी करा, अशी मागणी मी मान्य करत नाही. मेल्याची खात्री होण्याआधी वारसदार बसवायचा नसतो.

*

एचए म्हणजे व्हीएम उचलून दुसरीकडे ठेवणं, अशी समजूत आहे. नोड अचानक गेला तर व्हीएम दुसऱ्या नोडवर नव्याने बूट होते. मेमरीत होतं आणि डिस्कवर गेलं नव्हतं, ते गेलं. चालत्या अवस्थेत हलवायची तर मूळ नोड जिवंत लागतो. मेमरीची पानं आधी पलीकडे जातात, तोवर बदललेली पुन्हा जातात, आणि शेवटी क्षणभर थांबून उरलेली. दुरुस्तीसाठी हे फार उपयोगी. विजेच्या लोळासाठी नाही.

*

२४ फेब्रुवारी २०२१. मुंबईत राष्ट्रीय शेअर बाजाराचा व्यवहार ११ वाजून ४० मिनिटांनी थांबला आणि दुपारी पावणेचारला पुन्हा सुरू झाला. मुख्य केंद्र आणि जवळच्या पर्यायी केंद्राला जोडणाऱ्या दोन वेगवेगळ्या दूरसंचार कंपन्यांच्या लाइन्स अस्थिर झाल्या, कारण वाटेत रस्त्याचं खोदकाम. तारा गेल्या तरी मुख्य केंद्रातलं स्टोरेज चालू राहायला हवं होतं. ते सर्व्हरना मिळेनासं झालं. सर्व्हर मेले नव्हते. मी हे प्रकरण नव्या मुलांना पहिल्याच दिवशी सांगतो. कंपन्या दोन घेतल्या की मार्ग दोन झाले, असं होत नाही. कुडाळ-मालवण रस्त्याच्या कडेने चर खणलेला दिसला की आपली फायबर कुठून जाते ते विचारून ठेवावं.

*

मे २०२१, तौक्ते. १६ तारखेला वादळ सिंधुदुर्गच्या किनाऱ्याजवळून उत्तरेला सरकलं. झाडं आणि विजेचे खांब आडवे झाले, कित्येक गावांत दिवसच्या दिवस लाईट नव्हती, मोबाइलही मुके. ऐन कोविडच्या लाटेत. अशा वेळी क्लस्टर आपसूक काही करत नाही, कारण तिन्ही नोड एकाच इमारतीत आहेत. जनरेटरचं डिझेल, आणि जिल्ह्याबाहेर ठेवलेला बॅकअप, एवढंच उपयोगाचं. एचए म्हणजे बॅकअप नव्हे, हे भिंतीवर लिहून लावलंय: चुकून पुसलेली नोंद तिन्ही नोडवरच्या प्रतींतून एकाच वेळी पुसली जाते.

*

यूपीएसची बॅटरी संपत आली की काय करायचं, याचा क्रम कागदावर हवा. पहिला नोड आधी बंद केला तर त्याच्या व्हीएम उरलेले दोघे मुकाट उचलतात आणि मरत्या बॅटरीवर आणखी ओझं चढतं. दुसरा गेला की तिसऱ्याचा कोरम जातो आणि तो स्वतःला रीसेट करतो, लिहिणं अर्धवट सोडून. म्हणून आधी व्हीएम बंद, आणि एचएलाही सांगून, की या आता बंदच राहायच्या आहेत. मग नोड. सुरू करताना दोन नोड उभे राहीपर्यंत काहीच चालू होत नाही. तिथे धीर धरावा. एकाच मतावर चालव, अशी आज्ञा देता येते, पण बाकीचे दोन खरंच बंद आहेत हे खोलीत जाऊन डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ती कधीही देऊ नये. फोनवरून तर नाहीच.

*

प्रत्येक नोडला १२८ जीबी मेमरी. एक गेला तर सगळं दोघांत मावायला हवं, म्हणजे २५६ च्या आत, आणि नोडचं स्वतःचं खाणं वगळून. नवी व्हीएम मागायला येणाऱ्याला हा हिशेब आधी दाखवतो.

*

खारी हवा. म्हणून रॅमच्या पट्टीचे संपर्क, स्विचचे पोर्ट, पंख्यांच्या जाळ्या उघडून पाहणं.

*

मालवणात १ जूनला यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद होते, होड्या वर ओढल्या जातात, घराघरांत आगोटीची बेगमी होते. आमची चाचणी त्याच्या आधी, ओपीडी संपल्यावर, लॅबला सांगून. नोड रीतसर शटडाउन करून काही कळत नाही. तो निरोप घेऊन जातो आणि सगळं गोड होतं. वीज चालू ठेवून नेटवर्कची तारच उपटायची, घड्याळ लावायचं, आणि लॅबमधल्या बाईंना विचारायचं, रिपोर्ट दिसतोय का.