खाडीकाठचा तिवर

मानखुर्द सुटलं की वाशीच्या पुलापर्यंत रुळांच्या दोन्ही अंगांना जी मळकट हिरवी झाडी लागते, तिच्याकडे गाडीतलं कुणी बघत नाही. डोळे मोबाइलमध्ये असतात, नाहीतर निर्माल्याची पिशवी पुलावरून नेमकी कुठे भिरकवायची या हिशेबात. ती झाडी म्हणजे तिवर. माहीम आणि वांद्रे यांच्या मध्ये मिठी नदीच्या तोंडाशी तोच, विक्रोळीला द्रुतगती महामार्गाच्या पूर्वेला तोच, ऐरोलीच्या पुलाखाली आणि भाईंदरच्या खाडीतही तोच. खारफुटीच्या बिरादरीत कांदळ आहे, चिप्पी आहे, काटेरी मारांडी आहे. पण मुंबईच्या आसपास गर्दी सगळी याची.

दिसायला सुमार. खोड वेडंवाकडं, उंची बेताची, पान वरून चकचकीत पण खालून राखेरी. उन्हाळ्यात पिवळसर केशरी फुलं येतात, तीही इतकी बारीक की मधमाश्यांखेरीज कुणाला पत्ता लागू नये. लाकूड इमारतीच्या कामाचं नाही. म्हणून शतकानुशतकं याच्या वाट्याला चूलच आली. खाडीकाठच्या गावांनी सरपण म्हणून तोडला, हा बुंध्यातून पुन्हा फुटला. पुन्हा तोडला, पुन्हा फुटला. कांदळाला हे जमत नाही. त्याचं जाड खोड छाटलं की तो बहुधा संपतो. तिवर मात्र कुऱ्हाडीला फारसं मनावर घेत नाही.

त्याच्या पायाखाली जमीन म्हणण्यासारखं काही नसतं. असतो तो काळा, मऊ, सडक्या अंड्याचा वास मारणारा चिखल, ज्यात बोटभर खाली गेलं की प्राणवायू संपतो. अशा ठिकाणी मुळं गुदमरून मरायची. तिवरानं त्यावर तोड काढली ती अशी: जमिनीतून आडवी धावणारी मुळं जागोजागी वर फुटतात आणि पेन्सिलीएवढ्या खुंट्या चिखलाबाहेर काढतात. ही श्वसनमुळं. एका झाडाभोवती त्यांचा शेकड्यांनी पहारा असतो. ओहोटीला ती उघडी पडतात, सालीवरच्या सूक्ष्म छिद्रांतून हवा घेतात आणि खाली पोचवतात. भरतीला बुडतात. सहा-एक तास श्वास घ्यायचा, सहा-एक तास धरून ठेवायचा, असं हे दिवसातून दोनदा चालतं. याच खुंट्यांवर शहराच्या कॅरीबॅगा, गुटख्याच्या पुड्या आणि थर्माकोलचे तुकडे येऊन अडकतात. भरतीनं आणलेली गणपतीची मखरंही मी तिथे पाहिली आहेत.

मिठाचंही तसंच. समुद्राचं पाणी प्यायचं म्हणजे झाडाला विषच. तिवर बरंचसं मीठ मुळांच्या दारातच अडवतो, आणि जे आत शिरतं ते पानांवरच्या ग्रंथींतून बाहेर टाकतो. कोरड्या दिवशी पान जिभेला लावून बघा, खारट लागेल. पोरांना नेलंत तर हा प्रयोग पहिल्यांदा करा. माहितीच्या फलकापेक्षा जास्त लक्षात राहतो.

संततीच्या बाबतीत हा सावध गृहस्थ. बी झाडावर असतानाच आतल्या आत रुजायला लागतं. पावसाळ्यात चपटी, हिरवट फळं पाण्यात पडतात, साल सुटते आणि दोन जाड दळांची घडी घातलेलं तयार रोपच तरंगत निघतं. जिथे पाणी उथळ होऊन थांबेल तिथे काही दिवसांत मूळ धरतं. या प्रवासाला माळी लागत नाही. पाण्याला येण्याजाण्याची वाट तेवढी मोकळी हवी.

पाऊस सरतासरता काही वर्षी त्याच्यावर एक संकट येतं. सागाची पानं खाऊन जंगलं ओकीबोकी करणारी अळी इथे तिवरावर तुटून पडते आणि बघता बघता हिरवी खाडी तपकिरी होते. मग ‘कुणी रसायन टाकलं का’ म्हणून फोन जातात, पेपरात फोटो येतात. शंका घेणाऱ्यांना हसू नये, इतर वेळी ती खरी असण्याची शक्यता मोठी. पण या खेपेला गुन्हेगार पतंगाची पोरं असतात, आणि काही आठवड्यांत तिवर नव्या पालवीनं उभा असतो.

त्याच्या आश्रयाला राहणाऱ्यांची यादी कोळीवाड्यात चुलीवरच्या भांड्यात बघावी. चिखलावर उड्या मारणारे निवटे, बिळातल्या चिंबोऱ्या, खुबे, कालवं, लहानपणी इथे वाढणारी कोळंबी आणि बोय. गळून कुजलेल्या पानांवर हा सगळा प्रपंच पोसला जातो. एक हात मोठा आणि एक लहान असलेले खेकडे ओहोटीला बिळाच्या तोंडाशी येऊन तो मोठा हात माद्यांसाठी हलवत बसतात. आणि याच झाडीत, टॉवरांच्या सावलीत, सोनेरी कोल्हे आहेत. विक्रोळीच्या वसाहतीत रात्री कोल्हेकुई ऐकू येते म्हटल्यावर पुण्याचे पाहुणे हसतात. हसू देत.

शहराचं आणि तिवराचं नातं मात्र पहिल्यापासून जमिनीच्या लोभाचं. सात बेटं जोडून मुंबई झाली ती याच खाजणांवर भर टाकून. भरतीचं पाणी जिथे पसरायचं तिथे आधी बांध, मग मिठागरं, मग वसाहती आल्या. विक्रोळीचा पट्टा वाचला तो थोडा योगायोगानं: 1940 च्या दशकात पिरोजशा गोदरेज यांनी तिथली मोठी जमीन घेतली, कारखाने उभे राहिले, पण खाडीकडची खारफुटी मोडली गेली नाही, आणि पुढे घराण्यानं ती जाणीवपूर्वक राखली. सरकारी जमिनीवरच्या तिवराला असा धनी नव्हता. 1991 च्या किनारा नियमन अधिसूचनेनं त्याला कागदावर सर्वांत वरचं संरक्षण दिलं. तो कागद त्याच्या कामी फारसा आला नाही.

कारण तिवराला मारण्याची रीत निराळी आहे. कुऱ्हाड चालवली तर आवाज होतो, आणि हा पुन्हा फुटतो तो वेगळाच. त्यापेक्षा भरतीची वाट बंद करायची. एक छोटासा बांध घालायचा किंवा रस्त्याखालची मोरी बुजू द्यायची. आतलं पाणी आटतं, मीठ साचतं, चिखल भेगाळतो, झाडं उभ्या उभ्या वाळतात. मग रात्रीचे डंपर येतात, राडारोडा पडतो, श्वसनमुळं त्याखाली जातात. दोन-तीन वर्षांनी पाहणीला माणूस येतो तेव्हा तिथे सपाट मैदान असतं आणि ‘इथे खारफुटी नाही’ हे वाक्य अक्षरशः खरं असतं.

26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला आणि मिठीनं आपली जुनी जागा मागून घेतली. त्यानंतर मिठीकाठच्या तिवरांविषयी ज्यांनी कधी चौकशी केली नव्हती त्यांनी ती केली. बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल अॅक्शन ग्रुपची याचिका त्याआधीपासूनच उच्च न्यायालयात होती. तिच्यावर 6 ऑक्टोबर 2005 ला अंतरिम आदेश आला: राज्यभर खारफुटीची तोड बंद, भोवतालच्या 50 मीटरमध्ये बांधकाम बंद, आणि सरकारी जमिनीवरच्या खारफुटीला वनाचा दर्जा. 2012 मध्ये वनविभागाचा स्वतंत्र कांदळवन कक्ष आला. सप्टेंबर 2018 च्या अंतिम निकालात न्यायालयानं खारफुटीचा नाश म्हणजे नागरिकांच्या जगण्याच्या हक्कावर, राज्यघटनेच्या कलम 21 वर घाला, असं म्हटलं. चिखलातल्या सरपणाला घटनेत जागा मिळाली.

मान मात्र दुसऱ्याला गेला. 2020 मध्ये महाराष्ट्रानं राज्य कांदळवृक्ष ठरवला, असं करणारं हे देशातलं पहिलं राज्य. आणि निवड झाली पांढऱ्या चिप्पीची. चिप्पी देखणी आहे यात वाद नाही. तिची पांढऱ्या केसरांची फुलं रात्री उमलतात आणि फळ टोपी घातल्यासारखं. तिवराकडे दाखवण्याजोगं काय होतं? खुंट्या.

ठाण्याच्या खाडीतही तेच. 2015 मध्ये तिथलं सुमारे 1,690 हेक्टर क्षेत्र अभयारण्य झालं आणि 2022 मध्ये पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलं. त्यातला निम्म्याहून जास्त भाग खारफुटीचा, पण अभयारण्य फ्लेमिंगोच्या नावाचं. आता फ्लेमिंगोंचं इथे काय आहे? त्यांना हवा उघडा चिखल, कारण त्यातलं शेवाळ ते चोचीनं गाळून खातात. आणि ते शेवाळ इतकं माजतं त्यात शहराच्या सांडपाण्याचाही हात आहे. तिवराला तोच चिखल बसायला हवा. खाडीत गाळ साचत गेला तसा तो पुढे सरकत गेला, आणि गेल्या काही दशकांत ठाण्याच्या खाडीत खारफुटी काही ठिकाणी वाढलीच आहे. म्हणजे ज्याला आपण बिचारा म्हणतो तोच पाहुण्या पक्ष्यांचं ताट ओढतो. मला हे आवडतं. निसर्गाच्या व्याख्यानांत तिवर फारच सोशिक रंगवला जातो. प्रत्यक्षात तो मिळेल ती जागा बळकावणारा आहे, याबाबतीत अस्सल मुंबईकर.

हल्ली त्याची गाठ प्रकल्पांशी पडते. डिसेंबर 2022 मध्ये मुंबई–अहमदाबाद बुलेट ट्रेनसाठी सुमारे 22,000 खारफुटीची झाडं तोडायला उच्च न्यायालयानं परवानगी दिली, बदल्यात कित्येक पट लागवड करण्याच्या अटीवर. लागवडीचे आकडे ऐकायला भरघोस असतात. पण खारफुटीचं रोप भरतीच्या नेमक्या उंचीवर बसावं लागतं. हातभर खाली लावलं तर सतत बुडून मरतं, हातभर वर लावलं तर वाळून. उलट जिथे एखादा जुना बांध फोडून पाणी आत घेतलं जातं, तिथे लावणारा कुणी नसताना पुढच्याच पावसात तिवराची रोपं उगवलेली दिसतात. त्यांची नोंद कुठल्याच लागवडीच्या तक्त्यात होत नाही, कारण त्यांचं बिल निघत नाही.