कार्डावर ऑपरेशन होते, गोळ्यांचे काय?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत आल्यापासून 'गरिबांच्या दवाखान्याचा प्रश्न सुटला' असे आपलेही काही शिकलेले बांधव म्हणू लागले आहेत. वस्त्यांमध्ये काम करताना आम्हाला दिसते ते वेगळे आहे.

कार्डावर कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. बायपास, कॅन्सर अशा वेळी या योजनांनी माणसे वाचवली आहेत. आम्ही स्वतः कित्येकांची कागदपत्रे जमवून दिली आहेत. पण हा विमा मुख्यतः दाखल झालेल्या रुग्णाचा आहे. ओपीडीची फी, रोजच्या गोळ्या, रिक्षाभाडे आणि बुडालेला रोज हे सगळे खिशातूनच जाते. २०२१-२२ मध्ये देशाच्या एकूण आरोग्य खर्चापैकी ३९.४ टक्के खर्च लोकांनी थेट खिशातून केला, असे सरकारचाच हिशोब सांगतो.

आमच्या वस्तीतल्या धुणीभांडी करणाऱ्या एका मावशींना शुगर आहे. एखादे काम सुटले की त्या गोळ्या एक दिवसाआड घ्यायच्या. पायाची जखम चिघळली, बोट काढावे लागले. ऑपरेशन कार्डावर फुकट झाले. पण पुढचे दोन महिने घरी बसून गेले, बचत गटाचे हप्ते थकले आणि मुलीची कॉलेजची फी राहिली. वेळेवर गोळ्या मिळाल्या असत्या तर यातले किती टळले असते?

अशा वेळी आपण विहारात वर्गणी काढतो, ग्रुपवर क्यूआर कोड टाकतो. अडल्या वेळी ते केलेच पाहिजे, आम्हीही करतो. पण ज्याच्या ओळखी जास्त त्याचे पैसे लवकर जमतात. एकट्या विधवेसाठी किंवा दारूने लिव्हर गेलेल्या माणसासाठी ग्रुप गप्प राहतो. दया माणूस पाहून दिली जाते. म्हणून आपल्याला हक्क हवा.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्याच काळात कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम प्रा. आडारकर यांच्याकडे सोपवले गेले. १९४४ ला त्यांचा अहवाल आला आणि त्यातून पुढे १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. या ईएसआयमध्ये ओपीडी आहे, औषधे आहेत, शिवाय आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के मजुरीही मिळते. कामगार आजारी पडला तरी त्याची चूल पेटती राहावी, हा विचार त्यामागे आहे. मात्र घरकामगार आणि बहुतेक नाका कामगार आजही या योजनेबाहेर आहेत. कंत्राटी सफाई कामगार योजनेत बसत असले तरी अनेक ठेकेदार त्यांची नोंदच करत नाहीत. शरीर झिजवणारी कामे जातीने ज्यांच्या वाट्याला आली, तेच संरक्षणाबाहेर!

मित्रांनो, कार्ड काढून देण्याची शिबिरे जरूर घ्या. पण त्याच शिबिरात सफाई कामगाराला त्याचा ईएसआय नंबर विचारा. नसेल तर ठेकेदाराविरुद्ध तक्रार लिहून द्या. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. तिथे बाहेरून औषध आणायची चिठ्ठी मिळाली की तिचा फोटो काढून ठेवा. अशा पन्नास चिठ्ठ्या एकत्र घेऊन जिल्हा शल्यचिकित्सकांकडे गेलात, तर त्यांना उत्तर द्यावेच लागेल. सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य आहे, असे संविधानाचे कलम ४७ सांगते. ते कर्तव्य वर्गणीच्या डब्यावर ढकलू देऊ नका.