व्हायरल लोडचा आकडा विचारून घ्या

ऊसतोडीच्या टोळ्या परत यायला लागल्यात. त्यातल्या काही जणांना आता एआरटी केंद्रावर जायचं आहे, म्हणून आजच लिहितो. पोस्ट लांब आहे, पण वाचा.

एचआयव्हीच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात १ एप्रिल २००४ पासून फुकट मिळायला लागल्या. त्या लागू पडतात का, हे थेट दाखवणारी व्हायरल लोडची तपासणी मात्र सरसकट सगळ्यांसाठी सुरू व्हायला २०१८ उजाडलं. तोवर बहुतेकांचं सीडी-फोरवरच भागलं. सीडी-फोर म्हणजे प्रतिकार करणाऱ्या पेशींची मोजणी. घोळ असा, की औषध लागू पडेनासं झालं तर आधी रक्तातला विषाणू वाढतो, सीडी-फोर नंतर घसरतो. मधल्या काळात माणूस चालताफिरता, भूक ठीक, वजन ठीक. घरचे म्हणतात, चाललंय की चांगलं!

व्हायरल लोड थेट विषाणूच मोजतो. गोळ्या सुरू झाल्यावर सहा महिन्यांनी, मग वर्ष झाल्यावर, पुढे दरवर्षी एकदा. आकडा हजाराच्या वर गेला की काहीतरी बिघडलंय. आणि विषाणू "सापडत नाही" असा रिपोर्ट आला, पुढेही तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. हे वाक्य परत एकदा वाचा. आपल्याकडे अजून ताटवाटी वेगळी ठेवणारी घरं आहेत. (ताटवाटीतून तो कधीच पसरत नव्हता, ते तर सोडाच.)

गेल्या हंगामातलं सांगतो. माझ्या नात्यातल्या एका ताईनं दिवाळीआधी तपासणीला रक्त दिलं. नमुना दुसऱ्या शहरात गेला. रिपोर्ट आला तेव्हा ती कारखान्यावर होती आणि केंद्रात नंबर दिलेला मुकादमाचा. त्याला कोण काय सांगणार? पाच महिने तो कागद फायलीत पडून. परत आल्यावर कळलं, आकडा हजाराच्या कितीतरी वर. वर ऐकून घ्यावं लागलं, "गोळ्या चुकवल्यास ना?"

चुकल्याच होत्या. पण कोपीला ना दार ना कडी, बाटली लपवणार कुठं? अर्ध्या रात्री उठून फडात जायचं, गाडी भरून होईपर्यंत वेळेचा पत्ता नाही. गोळ्या संपल्या म्हणून जिल्ह्याला यावं तर खाडा, आणि खाड्याचे पैसे उचलीत चढणार.

आकडा वाढला म्हणून लगेच औषध बदलत नाहीत. आधी तीन महिने समुपदेशन, गोळ्या नीट घेऊन पुन्हा तपासणी. तरीही हजाराच्या वरच राहिला तर बदलतात. ताईचा दुसऱ्या वेळी खाली आला. आता त्या दिवसाची गोळी तिच्या मिसरीच्या डबीत असते. तिथं कोण हात घालतंय!

केंद्रवाल्यांवर कामाचा बोजा आहे, मान्य. पण बीड जिल्ह्यात माणसं कधी जातात नि कधी येतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. मग तपासणीचं वेळापत्रक हंगाम बघून का लावता येत नाही? नमुना पावसाळ्यातच घ्या, माणूस गावात असतानाच रिपोर्ट त्याच्या हातात पडू दे.

ज्यांना जायचंय त्यांनी आपला किंवा घरच्या भरवशाच्या माणसाचा नंबर द्या. मुकादमाला काही सांगायची गरज नाही, २०१७ चा कायदा तुमच्या बाजूनं आहे. बाहेरगावी असताना तिथल्या एआरटी केंद्रातून गोळ्या घ्यायची सोय असते, निघायच्या आधी ती लिहून घ्या. आणि मागचा व्हायरल लोड किती आला, केव्हाचा, हे विचारल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.