निडीचे वाल आणि रोह्याचा बाजार

दिव्याहून पनवेलमार्गे रोह्याकडे जाणारी गाडी पेण सोडते, कासू मागे टाकते, नागोठण्याजवळ अंबा नदीच्या खोऱ्यात उतरते आणि त्यानंतर एका लहानशा स्थानकावर थांबते. त्या स्थानकाचे नाव निडी. पुढचे स्थानक रोहा. तेथून कोकण रेल्वेचा मार्ग सुरू होतो. गोव्याकडे धावणाऱ्या गाड्यांतील प्रवाशाला निडीची पाटी पुरती वाचण्याइतकाही अवधी मिळत नाही. ज्याला निडी पाहावयाची असेल त्याने संथ गाडीनेच यावे.

निडी हे बाजाराचे ठिकाण नव्हे. तेथे उतरून पिशवी भरावी अशी पेठ नाही. या पट्ट्यात माल पिकतो आणि विकला जातो तो एका बाजूस नागोठण्यात, दुसऱ्या बाजूस रोह्यात. तरीही ठाणे-मुंबईच्या अनेक घरांत स्वस्त पण उत्तम अशा ज्या वस्तू वर्षभर वापरल्या जातात, त्यांचे मूळ शोधू लागले की माणूस याच शेतांच्या बांधावर येऊन पोहोचतो. त्यांतील पहिला मान वालाचा.

भाताची कापणी झाल्यावर जमिनीत जो ओलावा उरतो त्यावर वाल येतो. त्याला पाटाचे पाणी लागत नाही. कडधान्याचे पीक असल्यामुळे त्याच्या मुळांवरील गाठी हवेतील नत्र जमिनीत साठवितात. म्हणून खतही फारसे लागत नाही. शेत तेच, मशागत थोडी, आणि हाती आलेले पीक जवळजवळ दुसऱ्या पगारासारखे. वाल स्वस्त का, याचे निम्मे उत्तर या जमाखर्चात आहे. उरलेले निम्मे उत्तर कमी सुखद आहे. शेंगा तोडणे, वाळविणे, झोडपणे, पाखडणे ही सारी कामे घरच्या स्त्रिया करतात आणि त्या श्रमांची मजुरी कोणत्याही हिशेबात धरली जात नाही. धरली असती, तर भाव निराळा झाला असता. बाजारात दोन रुपयांसाठी घासाघीस करताना ही नोंद डोळ्यांसमोर असलेली बरी.

रायगडातील इतर घरांत वाल म्हटला की बिरडे आठवते. वाल भिजवायचे, मोड आणायचे, सोलायचे आणि ओल्या नारळात शिजवायचे. जैन स्वयंपाकघराची अडचण येथेच सुरू होते. अनेक घरांत मोड आलेले धान्य वर्ज्य. कांदा-लसूण तर नाहीच. माघातील पोपटीचेही तसेच. भांबुर्ड्याच्या पाल्यात मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगा रुचकर असतात हे सर्वांना मान्य आहे, पण प्रत्येक शेंग उकलून, आत अळी नाही याची खात्री केल्यावाचून चुलीवर काही चढवायचे नाही, असा ज्या घरचा नियम, तेथे अखंड शेंगांचे मडके लागावे कसे? शिवाय पोपटी लागते ती बहुधा रात्री. अलिबागचा भौगोलिक मानांकन लाभलेला पांढरा कांदा तर या वाचकांच्या दृष्टीने केवळ माळा पाहून कौतुक करण्याचा विषय.

परंतु वालाची डाळ आणि सुका अख्खा वाल या दोन गोष्टी आपल्या घरांना परक्या नाहीत. लग्नकार्यातील लाडू-वालाचे जेवण ज्याने जेवले आहे त्याला ते वेगळे सांगावयास नको. डाळ बेताची शिजवावी, फोडणीला हिंग-ओवा द्यावा आणि आंबटपणासाठी आमसूल टाकावे. कच्च्या दह्या-ताकाबरोबर द्विदल न घेण्याचा नियम पाळणाऱ्यांना आमसुलाएवढी सोयीची वस्तू दुसरी नाही. ती येते दक्षिण कोकणातून, पण रोह्याच्या बाजारात सहज मिळते. कोकमाच्या साली त्याच फळाच्या रसात पुन्हा पुन्हा बुडवून उन्हात वाळवितात, तेव्हा आमसूल तयार होते. चांगले आमसूल काळसर, लवचीक आणि किंचित ओलसर असते. नुसते वाळून कडक झालेले दिसले तर रसाचे हात कमी पडले असे समजावे.

याच वालाने ठाण्यातील एका किराणा व्यापाऱ्याच्या घरी एकदा मोठा पेच उभा केला होता. चाळीस वर्षे गल्ल्यावर बसलेला माणूस. धान्याची पारख हा त्याचा अभिमानाचा विषय. दर फाल्गुनात तो रोह्याला येई आणि वर्षाचा वाल घेऊन जाई. एका वर्षी एका दलालाने बाजारभावापेक्षा बराच कमी भाव सांगितला. दाणा टपोरा होता, रंग चकचकीत होता. शेठांनी नेहमीच्या दुप्पट माल उचलला आणि गाडीत बसल्या बसल्या बचतीचा आकडाही काढला. आषाढात, चातुर्मास तोंडावर आला असता, सूनबाईंनी डबा उघडला. दाण्यादाण्याला वाटोळी भोके पडली होती आणि तळाशी भुंगे चालत होते.

इतर घरी अशा धान्याचे काय करतात? उन्हात घालतात, पाखडतात, फार तर फेकून देतात. या घरी बा जिवंत होत्या. उन्हात घालायचे नाही, कारण जीव होरपळतील. दळायला द्यायचे नाही. मोरीत ओतायचे नाही. कचऱ्याच्या गाडीत टाकायचे नाही. वाल विकणे तर शेठांच्याच मनास येईना. चार दिवस तो डबा ओसरीच्या कोपऱ्यात पडून राहिला आणि घरातील प्रत्येक जण त्याला वळसा घालून जात राहिला. अखेर बांनी नातवाला बरोबर घेतले, दोघांनी डबा रिक्षातून गावाबाहेर नेला आणि झाडाच्या सावलीत, पायवाट चुकवून, पावसाचे पाणी येणार नाही अशा उंचवट्यावर अलगद रिकामा केला. परत आल्यावर त्या मुलाला एवढेच म्हणाल्या, “तुझ्या दादांना सांग, यातले रिक्षाचे भाडेसुद्धा वाचलेल्या पैशांत धर.”

झाले होते ते असे. वालाचा भुंगा शेतात असतानाच शेंगेवर अंडी घालतो. अळी दाण्यात शिरते आणि साठवणीत बाहेर पडते. दाणा नीट वाळला नसेल तर त्याला आयतेच रान मिळते. ओला दाणा फुगलेला आणि टपोरा दिसतो. वजनात घेतला तर पाण्याचे पैसे मोजले जातात आणि मापात घेतला तर दाणे कमी येतात. चार शेरांची पायली शीग लावून भरली तरी हे नुकसान भरून येत नाही. म्हणजे दलालाचा स्वस्त भाव मुळात स्वस्त नव्हताच.

पुढच्या वर्षी शेठांनी दलाल टाळला. रोह्याच्या बाजारात टोपली पुढे घेऊन बसलेल्या निडीकडच्या एका वृद्ध बाईपाशी ते गेले. भाव विचारला, तो परवडण्याजोगा होता. पैसे काढले. बाईंनी दोन दाणे त्यांच्या हातावर ठेवले आणि म्हणाल्या, “शेट, दाताखाली धरा.” दाणा दबला, फुटला नाही. “वाल अजून ओला हाय. आठ दिस थांबा. आमटीला हवा तर आज न्या, वरसाला नको.” ज्या गिऱ्हाइकाने वीस किलो उचलले असते त्याला तिने एक किलो देऊन परत पाठविले. आठ दिवसांनी शेठ मुद्दाम गाडीने आले. या वेळी दाणा दाताखाली ‘कट्’ असा वाजला.

त्यानंतर त्या घरी अख्खा वाल थोडाच ठेवतात. उरलेल्याची लगेच डाळ करून घेतात. भुंग्याला अंडी घालायला अख्खा दाणा मानवतो, डाळीला तो सहसा लागत नाही. डाळीला एरंडेलाचा हलका हात फिरवून ती कोरड्या बरणीत भरली की आश्विनापर्यंत चिंता नसते. जीव मारण्याचा प्रश्न येण्यापूर्वीच त्याला येऊ न देणे, हीच बांची पद्धत होती आणि सूनबाईंनी ती डाळीपासून तांदळापर्यंत सर्वत्र चालविली आहे.

वालाखेरीज या बाजूच्या आणखी काही वस्तू उल्लेखनीय आहेत. कुंडलिकेच्या काठचे रोहे हे भाताच्या मुलखातील गाव. भिरा येथील १९२७ च्या जलविद्युत केंद्रातून सुटलेले पाणी नदीत येत असल्यामुळे कुंडलिका उन्हाळ्यातही आटत नाही. भाताबरोबर पोहे आलेच. भात गरम पाण्यात भिजवायचे, भट्टीत भाजायचे, गरम असतानाच दाबून चपटे करायचे आणि चाळायचे. शंभर किलो भातातून साधारण साठ-पासष्ट किलो पोहे मिळतात. निघालेले तूसच भट्टीला जळण म्हणून उपयोगी पडते. इंधनाचा खर्च असा मालातूनच भागत असल्याने गिरणीतून थेट घेतलेले सुटे पोहे चकचकीत पाकिटातल्यापेक्षा स्वस्त पडतात आणि ताजेही असतात. मात्र घरी आल्यावर चाळून, निवडून, कोरडे भाजून ठेवावेत. पाकीट असो वा सुटे, ही मेहनत चुकत नाही.

पेणची ख्याती गणेशमूर्तींमुळे दूरवर गेली, पण पेणला जाऊन केवळ मूर्ती पाहून परतणारा माणूस पोह्यांच्या पापडास मुकतो. पोह्यांचे पीठ, पापडखार, हिंग, मिरची; कुटून कुटून मऊ केलेल्या गोळ्याचे हे पापड उडदाच्या पापडाहून हलके असतात. पावसाळ्यात वापरायचे असतील तर वैशाखातच घेऊन एक ऊन दाखवावे आणि प्रत्येक वेळी काढताना बुरशी पाहावी. मिठागरांच्या जाड्या मिठाबद्दल मात्र थोडे सावध राहिलेले बरे. खाडीच्या पाण्यापासून सूर्याच्या उष्णतेने बनलेले हे मीठ स्वस्त आहे, लोणच्याच्या बरणीला काहींना तेच आवडते. परंतु त्यात आयोडीन मिसळलेले नसते आणि रोजच्या खाण्यासाठी आयोडीनयुक्त मीठच विकावे असा कायदा आहे. येथे काटकसर नको.

स्वयंपाकघराबाहेरच्या वस्तूंत बांबूचे सूप, तांदूळ धुण्याची रोवळी आणि शिंदीच्या पात्यांची केरसुणी ही तीन नावे पुरेत. रोवळीत पाणी क्षणात निथळते आणि दाणा वाहून जात नाही. केरसुणी इतकी मऊ असते की वाटेवरची मुंगी न चिरडता बाजूला सारता येते. प्लॅस्टिकच्या राठ झाडूला ते जमत नाही. गंमत अशी की निडीच्या शेजारच्याच नागोठण्यात पेट्रोरसायन प्रकल्प आहे आणि प्लॅस्टिकचा कच्चा माल तेथून देशभर जातो. तोच बादली, टोपली, झाडू होऊन परत येतो आणि रोह्याच्या पदपथावर बुरुडाच्या सुपाशेजारी मांडला जातो. प्लॅस्टिकचे सूप किमतीत थोडे उणे असेलही, पण त्यात धान्य घोळत नाही, घसरते. पाखडणाऱ्या हाताला हा फरक पहिल्याच झटक्यात कळतो.

खरेदीला जाताना कापडी पिशव्या जास्त घ्याव्यात. महाराष्ट्रात २०१८ पासून प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, आणि तसेही वालाला कापडच मानवते. प्लॅस्टिकमध्ये दाण्याला दमट घाम सुटतो. परतीच्या गाडीची वेळ आधी पाहून ठेवावी, कारण संथ गाड्या मोजक्याच आहेत आणि सूर्यास्तापूर्वी घरी जेवायचे असेल तर दुपारची गाडी चुकवून चालत नाही.

ठाण्याचे ते शेठ आता प्रवास करीत नाहीत. गेल्या फाल्गुनात नातू एकटाच गेला. टोपलीमागे वृद्ध बाई नव्हत्या. त्यांची लेक बसली होती. त्याने भाव विचारण्याआधी हात पुढे केला. तिने दोन दाणे ठेवले. दोन्ही वाजले. त्याने वीस किलो वाल मोजून घेतला, पैसे दिले, आणि तिने वरून एक ओंजळ पिशवीत टाकली तेव्हा तिचेही पैसे विचारले. ती हसून म्हणाली, “त्येचं नाय. त्ये बांना सांगा, आईनं दिलंय.” बांना जाऊन तीन वर्षे झाली होती. नातवाने ते तिला सांगितले नाही. पिशवीचे तोंड बांधले आणि तो स्थानकाकडे चालू लागला.