चौघांचे चार वाटे

मुलांचे गट पाडले की ती मिळून काम करू लागतात, असं होत नाही. ऑनलाइन वर्गात तर नाहीच नाही. मिळून काम करण्यासाठी एकाचं काम दुसऱ्यावाचून अडावं लागतं. हे मला २०२१ साली, कोविडमुळे वर्ग ऑनलाइन असताना शिकायला मिळालं, तेही माझ्याच विद्यार्थ्यांकडून.

मी ट्रॉम्बेला राहते आणि जवळच्याच एका कॉलेजात एफ.वाय.बी.कॉम.ला पर्यावरण अभ्यास शिकवते. त्या वर्षीची मुलं बारावी होऊन घरी बसली होती आणि घरातूनच कॉलेजात दाखल झाली होती. कट्टा, कॅन्टीन, लायब्ररी, एकत्र केलेला बसचा प्रवास यांतलं काहीच त्यांच्या वाट्याला आलेलं नव्हतं. हजेरी घेतली की ‘येस मॅम’, ‘प्रेझेंट मॅम’ असे आवाज यायचे आणि माइक बंद व्हायचे. कोणी कोणाला ओळखत नव्हतं. खरं तर सगळी हाकेच्या अंतरावर राहणारी. ट्रॉम्बे कोळीवाडा, चिता कॅम्प, मानखुर्द, गोवंडी, माहुल, अणुशक्तीनगर. पण अणुशक्तीनगर या अणुसंशोधन केंद्राच्या वसाहतीची भिंत आणि चिता कॅम्पच्या गल्ल्या यांत जे अंतर आहे, ते किलोमीटरमध्ये मोजता येत नाही.

कॉलेजातला गटप्रकल्प कसा होतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. रोल नंबरप्रमाणे गट पडतात, एक मुलगी सगळं लिहून काढते, बाकीच्यांची नावं पहिल्या पानावर येतात. ऑनलाइनमध्ये हे आणखी सोपं. इंटरनेटवरून उतरवायचं, पीडीएफ करायची, अपलोड करायची. त्यामुळे मी विषयच असा निवडला, की तो कुठून उतरवता येऊ नये. आमच्या अभ्यासक्रमात तेव्हा मुंबईचा नकाशा भरायचा असे. ठरवलं, की चेंबूर, मानखुर्द, ट्रॉम्बे एवढाच तुकडा घ्यायचा आणि तो मुलांनी आपापल्या घरातून भरायचा.

रचना घेतली ती जुनी आणि पारखलेली. १९७१ मध्ये अमेरिकेत टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात गोरी, काळी आणि मेक्सिकन वंशाची मुलं पहिल्यांदाच एका वर्गात येऊ लागली, तेव्हा वर्गात मोठा ताण होता. इलियट अ‍ॅरन्सन या मानसशास्त्रज्ञाने धड्याचे तुकडे केले आणि गटातल्या प्रत्येक मुलाला एकेक तुकडा दिला. पूर्ण धडा हवा तर बाकीच्यांचं ऐकून घेण्यावाचून इलाज नव्हता. ‘जिगसॉ’ नावाने ही पद्धत जगभर गेली. आमच्याकडे वंशाचा प्रश्न नव्हता, पण भिंती होत्याच.

चौघांचा एक गट. शक्यतो चौघं चार वस्त्यांमधली. प्रत्येकाला एक वाटा: खाडी, कारखाने, वस्ती आणि कचरा. खाडीवाल्याने तिवरं, मासे आणि फ्लेमिंगो पाहायचे. कारखानेवाल्याने माहुलच्या १९५४-५५ च्या दोन तेलशुद्धीकरण कारखान्यांपासून सुरुवात करून १९५६ चं टाटांचं वीजकेंद्र आणि नंतरचा आरसीएफचा खतकारखाना नकाशावर आणायचा. वस्तीवाल्याने माणसं कुठून, का आणि कधी आली ते विचारायचं. कचरेवाल्याकडे १९२७ पासून चालत आलेलं देवनारचं डम्पिंग ग्राउंड. बाहेर फिरायची सोय नव्हती, म्हणून माहिती घरातली माणसं, शेजारी, गच्ची आणि फोन यांतूनच मिळवायची. आधी सगळ्या गटांतले खाडीवाले एकत्र बसले, कारखानेवाले एकत्र बसले, आपल्या विषयात पक्के झाले आणि मग आपापल्या गटात परतून बाकीच्या तिघांना शिकवू लागले.

अडचण वेळेची आणि फोनची होती. बऱ्याच घरांत एकच स्मार्टफोन, तोही वडिलांबरोबर कामावर जाणारा. रात्री नऊ-दहानंतर तो मुलांच्या हाती यायचा. रोजचा डेटा धाकट्या भावंडांच्या शाळेत संपलेला असायचा. सगळ्यांनी एकाच वेळी व्हिडिओवर यावं, असा आग्रह धरला असता तर ज्यांच्यासाठी हे चाललं होतं तीच मुलं बाहेर पडली असती. म्हणून नियम असा केला: काम व्हॉट्सअ‍ॅपवर, व्हॉइस नोटने. बोलायचं कोणत्याही भाषेत. उत्तर चोवीस तासांत द्यायचं. ज्याच्याकडे बरा फोन आहे त्याने सगळ्यांचं एका फाइलमध्ये उतरवायचं, पण त्याच्या मनाने एक ओळही घालायची नाही, बोलणाऱ्याला विचारूनच. कॅमेऱ्याची सक्ती नाही. एका खोलीत सहा माणसं राहत असली तर कॅमेरा लावायला सांगणं हा अन्याय आहे.

एका गटात कोळीवाड्यातली एक मुलगी होती. वर्गात तिचा आवाज कोणी ऐकला नव्हता. तिने खाडीवर पहिली व्हॉइस नोट टाकली आणि ती बराच वेळ चालली. डोल जाळं भरती-ओहोटीच्या ओढीवर कसं लावतात, ओहोटीला चिखलातून निवट्या आणि चिंबोऱ्या कशा धरतात, पूर्वी मिळणारी मासळी आता का मिळत नाही, पाण्यावर तवंग आला की जाळ्याचं काय होतं. मधेच तिच्या आईने मागून एक चूक दुरुस्त केली, तीही त्यात आली. बाकी तिघांनी लगेच प्रश्नांचा मारा केला. ते प्रश्न मी विचारले असते तर ती कदाचित बोललीही नसती. तिच्या बरोबरीच्यांना ते खरोखर हवं होतं, म्हणून ती बोलली.

त्याच गटात वस्ती हा वाटा चिता कॅम्पमधल्या मुलाकडे होता. त्याने आजोबांना बोलतं केलं. १९७६ मध्ये, आणीबाणीच्या काळात, अणुसंशोधन केंद्राच्या वसाहतीलगतची जनता कॉलनी हटवण्यात आली आणि तिथल्या माणसांना खाडीकाठच्या या जागेवर आणून बसवण्यात आलं. आजोबांनी सामान कसं हलवलं, सुरुवातीला पाणी कुठून आणलं, हे हिंदीत सांगितलं. गटातली तिसरी मुलगी अणुशक्तीनगरची. जन्मापासून तिथेच वाढलेली. तिला हे ठाऊकच नव्हतं. तिने घरी विचारलं आणि दुसऱ्या दिवशी गटावर लिहिलं, ‘आमच्या बाजूनेही कोणी तरी हे सांगायला हवं होतं.’ त्यांच्या फाइलमध्ये तो भाग दोघांनी मिळून लिहिला. विज्ञानसंस्थेची गरज आणि उठवलेल्या माणसांचं दुःख, दोन्ही एकाच पानावर, कोणालाही खाली न पाडता. पर्यावरण अभ्यासात यापेक्षा अधिक काय शिकवायचं असतं, मला माहीत नाही.

गुण देताना एक गोष्ट पक्की ठेवली. प्रत्येकाला प्रश्न विचारायचा तो त्याच्या वाट्यावर नाही, दुसऱ्याच्या वाट्यावर. कचरेवाल्याला खाडीबद्दल, खाडीवालीला कारखान्यांबद्दल. उत्तर आलं नाही तर गटाने त्याला पुन्हा समजावून सांगायचं आणि मी पुन्हा विचारायचं. त्यामुळे हुशार मुलाला एकट्याने सगळं उरकून मोकळं होता येईना, आणि मागे राहणाऱ्याला सोडून पुढे जाणं कोणालाच परवडेना.

पवईच्या आयआयटीतल्या सहाना मूर्ती आणि श्रीधर अय्यर यांनी ऑनलाइन अभ्यासक्रमांसाठी जी रचना मांडली आहे, तिच्यात विद्यार्थ्यांचं आपसातलं बोलणं हा अभ्यासक्रमाचाच एक भाग धरलेला आहे. ते व्हिडिओनंतरचं शोभेचं काम नाही. हे आमच्यासारख्या शिक्षकांनी मनावर घ्यायला हवं. २०१७ पासून ‘स्वयम्’ या केंद्र सरकारच्या ऑनलाइन मंचावर देशातल्या उत्तम प्राध्यापकांचे अभ्यासक्रम फुकट मिळतात आणि आता त्यांचे क्रेडिटही मिळू शकतात. तरी मुलं अर्ध्यात सोडून देतात, कारण रात्री एकट्याने फोनकडे पाहत कोणी किती दिवस शिकणार?

म्हणून आता वर्ग भरत असले तरी ‘स्वयम्’ घेणाऱ्या मुलांचे मी चौघाचौघांचे गट करते. आठवड्याचे व्हिडिओ वाटून घ्यायचे, आपला भाग बाकीच्यांना आपल्या भाषेत सांगायचा, परीक्षेला चौघांनी एकदम बसायचं. यासाठी महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. लागते ती शिक्षकाची आधीची मेहनत: कामाचे वाटे असे पाडायचे, की प्रत्येक वाट्याची बाकीच्यांना गरज पडेल, आणि ते अशा मुलांच्या हाती द्यायचे, की ज्यांच्याकडे त्या वाट्याचं घरचं ज्ञान आहे. कोळीवाड्यातल्या मुलीला कोणी तरी ‘मला सांग ना’ म्हणावं, एवढी सोय आपण केली, तर शिकवायचं काम ती स्वतःच हाती घेते.