वाटणीपत्रावर क्लिक

तर झालं असं. गेल्या शनिवारी लातूरला आत्याकडं गेलो होतो. आमचं घर नांदेडला. तिथल्या डेस्कटॉपवर लिनक्स मीच टाकून दिलंय, आणि बाबांनी रिटायर झाल्यावर घरातले सगळे कागद स्कॅन करून त्यात ठेवलेत. नावं शुद्ध मराठीत, मध्ये ऐसपैस स्पेस देऊन: 'वाटणीपत्र लातूरचं शेत'. किती वेळा सांगितलं, बाबा, फाइलचं नाव इंग्रजीत द्या, स्पेस नको. पण मराठीचे मास्तर होते, काय बोलणार!

आत्याला वाटणीपत्राचा मसुदा बघायचा होता. लॅपटॉपवरून एसएसएचनं नांदेडच्या मशीनमध्ये शिरलो आणि माझी लाडकी स्क्रिप्ट चालवली. शब्द दिला की ती फाइल शोधून पत्ता छापते, कंट्रोल धरून क्लिक केलं की फाइल उघडते. ऑफिसात तरी उघडायची. इथं लिंक पहिल्या स्पेसलाच तुटली.

कारण साधं आहे. टर्मिनल नुसती अक्षरं बघून अंदाज बांधतं, स्पेस आली की पत्ता संपला असं धरतं. यावर २०१७ पासून तोड आहे, ओएससी ८ नावाचा एस्केप सिक्वेन्स. गनोम टर्मिनल आणि आयटर्ममध्ये तो त्याच वर्षी आला. दिसायचा मजकूर वेगळा आणि खरा पत्ता वेगळा, वेबपेजवर असतो तसं. मात्र पत्त्यातली देवनागरी फोडून लिहावी लागते. प्रत्येक अक्षर, मात्रा, हलंत म्हणजे तीन बाइट आणि एकेका बाइटला टक्क्याच्या चिन्हासकट तीन खुणा. नुसतं 'वाटणीपत्र' ८१ खुणांचं झालं! शिवाय शेवटी लिंक बंद करायला विसरलो, तर खालचा अख्खा स्क्रीन लिंक होऊन बसला. असो.

क्लिक केलं. फाइल उघडली. आत्यानं चष्मा लावून सावकाश वाचलं.

"यात माझं नाव कुठंय रे?"

पोटात गोळाच आला. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हिस्सा, हे २००५ पासून देशभर कायद्यात आहे. पण कायदा असणं वेगळं आणि सख्ख्या भावानं कागदावर नाव घालणं वेगळं. बाहेर जाऊन बाबांना फोन लावला.

"घातलंय की मी, मागच्याच महिन्यात! तू काय उघडायलास?"

मी माझ्याच लॅपटॉपवरची जुनी प्रत उघडत होतो. लिंकमध्ये मशीनचं नाव मी रिकामं सोडलं होतं. स्क्रिप्ट नांदेडला चालत असली तरी क्लिक लातूरच्या टर्मिनलमध्ये होतं, आणि ते बिचारं तोच पत्ता इथं शोधतं. युजर तोच, फोल्डर तोच, दिवाळीत कॉपी केलेला मसुदाही त्याच नावाचा. बाबांनी पुढं तिकडं दुरुस्ती करून त्याच नावानं सेव्ह केलेलं.

मशीनचं नाव घातलं, तर गनोम टर्मिनलनं दुसऱ्या मशीनवरची फाइल उघडायला सरळ नकार दिला. हे बरं, निदान खोटं तरी बोललं नाही! मग पत्त्याच्या सुरुवातीचं 'फाइल' काढून 'एसएफटीपी' केलं, आता फाइल नांदेडहून आली.

आत्याचं नाव तिसऱ्या ओळीत होतं, बाबांच्या लगेच खाली. तिनं त्यावर एकदा बोट फिरवलं.

"दादाला फोन लाव," म्हणाली. "आणि तू जरा बाहेर बस."