फळ्यावरचं वाक्य

मी ३१ वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं. उत्क्रांतीचा धडा आला की गारगोटीचे दोन दगड घेऊन वर्गात जायचे. एकावर दुसरा तिरका हाणला की धारदार कपची उडते. त्या कपचीनं कागद कापून दाखवायचे आणि फळ्यावर ठळक लिहायचे : ‘हत्यार घडवलं आणि माणूस झाला.’ मुलं वहीत उतरवून घ्यायची. ते वाक्य आता मला पटत नाही. इतक्या मुलांकडून ते पाठ करून घेतलं, म्हणून त्यांना हे सांगणं लागते.

खरं तर ते वाक्य मी शिकवायला लागण्याआधीच डळमळीत झालं होतं. १९६० साली आजच्या टांझानियातल्या गोम्बेच्या जंगलात जेन गुडाल यांनी चिंपांझींना वारुळात काडी खुपसून वाळवी काढून खाताना पाहिलं. डहाळीची पानं ओरबाडून ते काडी तयारही करत. मला हे माहीत होतं. ‘पण दगड कुठे घडवतात?’ म्हणून मी पुढे जायचे. २०१५ मध्ये केनियातल्या लोमेक्वीच्या ३३ लाख वर्षांपूर्वीच्या दगडी हत्यारांची माहिती प्रसिद्ध झाली. आपल्या ‘होमो’ गटाचा सापडलेला सर्वांत जुना जबडा सुमारे २८ लाख वर्षांपूर्वीचा आहे. म्हणजे त्याही आधी कुणीतरी दगड फोडत होतं. तरी मी वाक्य सोडलं नाही.

मन फिरलं ते आईच्या खाटेशी. अर्धांगानं तिची उजवी बाजू गेली. गुरगुट्या भात वरणात कालवायचा, पळीच्या पाठीनं घोटायचा, चमचा डाव्या गालाशी न्यायचा आणि थांबायचं. घसा हलला की पुढचा चमचा. एका वाटीला पाऊण तास. असे चौदा महिने.

त्याच दिवसांत, तिचा डोळा लागला की, मी शानिदारबद्दल वाचत होते. इराकमधल्या कुर्दिस्तानातली ही गुहा. तिथे राल्फ सोलेकी यांच्या उत्खननात १९५७ साली एका निअँडरथल पुरुषाचा सांगाडा मिळाला. वय चाळिशीच्या आसपास. डाव्या डोळ्याच्या खोबणीला जबर मार, त्या डोळ्यानं बहुधा दिसत नसावं. कानांच्या नळ्यांत हाड वाढलेलं, म्हणजे ऐकूही कमीच येणार. पाय अधू. उजवा हात वाळलेला आणि कोपराखाली नाहीच. पण जखमा भरून आलेल्या. त्यांच्यासकट हा माणूस कित्येक वर्षं जगला होता. उजव्या हाताशी आले आणि मी पुस्तक मिटलं. समोर आईचा उजवा हात उशीवर ठेवलेला होता.

हाडांवरून शुश्रूषा सिद्ध होत नाही, असा आक्षेप काही अभ्यासक अशा सांगाड्यांबाबत घेतात. तो रास्त आहे. चिंपांझीची आईही अधू पिलाला सांभाळते. तेव्हा ‘शुश्रूषा केली आणि माणूस झाला’ असं नवं वाक्य मी फळ्यावर लिहिणार नाही. पण त्या गुहेत एकट्यानं, एका हातानं, इतकी वर्षं कुणी तगला असेल हे मला खरं वाटत नाही. त्याला ज्यानं मांस दिलं, त्याच्या हातातही दगडी पातंच असणार. मी मात्र इतकी वर्षं पात्याची धार दाखवत राहिले. कापलेला तुकडा कुणाच्या तोंडी गेला, हे एकाही वर्गाला विचारलं नाही.

ते दोन दगड अजून कपाटात आहेत. दिवाळीत भाचीच्या मुलासाठी बाहेर काढले. कपची उडाली तसं त्यानं विचारलं, “आज्जी, यानं काय कापायचे?” मी म्हटलं, “मांस. थांब, कुणासाठी ते सांगते.” आणि शानिदारच्या माणसाची गोष्ट सांगायला घेतली, त्याच्या उजव्या हातापासून.